शनिवारची चौकशी

फुकट या शब्दावरून शालूबाईचं मन उडालं ते वारंगा फाट्यावरच्या एका फ्लेक्समुळे.

दोन वर्षांपूर्वी फाट्यावर गुडघ्यांच्या मोफत तपासणीचं शिबिर भरलं होतं. पांढरे कोट घातलेल्या दोन पोरांनी शालूबाईचे गुडघे दाबून पाहिले, तेलाची एक बाटली हातात ठेवली आणि "मावशी, आठवण म्हणून" असं म्हणत तिचा फोटो काढला. तेल काही लागू पडलं नाही. ते तिनं म्हशीच्या शिंगांना लावून संपवलं. महिनाभरानं ती बाजाराला निघाली, तर जीपमधल्या बाया तिच्याकडे बघून पदराआड हसायला लागल्या. फाट्यावर उतरून बघते तो काय, चहाच्या टपरीच्या वर माणसाहून उंच शालूबाई हात जोडून उभी! खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘माझे गुडघे नव्यासारखे झाले.’ त्या दिवशी तिचे गुडघे असे धरले होते की जीपमधून उतरताना दोघींना आधार द्यावा लागला होता.

फ्लेक्स पुढे वाऱ्यानं फाटला, पण गावातली वात्रट माणसं अजून विचारायची, "काय शालूबाई, गुडघे काय म्हणतात?"

त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी लेकीनं, शिवकन्यानं, चुलीपाशी येऊन सांगितलं, "आई, आता दर शनिवारी दिवस मावळताना मला कुणी हाक मारायची न्हाई. ऑनलाइन चर्चासत्र हाय," तेव्हा शालूबाईनं पहिला प्रश्न केला तो हा, "पैसे किती घेतात?"

"फुकट हाय."

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

"फुकट? काहून?"

"काहून म्हंजी? शास्त्रज्ञ लोक हायेत. पुण्याचे, बंगळूरचे, एखादा परदेशातलाबी. आमच्यासारख्या पीएचडीच्या पोरांना नवीन संशोधन समजावून सांगतात. पुढं काय करायचं, कुठं अर्ज करायचा, ते सांगतात."

"आन् त्यांना काय मिळतं?"

"काही न्हाई."

"कुणाचा फोटो काढतात का?"

"आई!" शिवकन्या हसायला लागली. "तुझ्या गुडघ्याचं तू माझ्या डोक्यात नको घालू."

"भाकर जळून राहिली," बाहेर ओसरीवरून शालूबाईचा नवरा वैजनाथ ओरडला. "गुडघ्याचं मागून बघा."

शिवकन्या नांदेडच्या विद्यापीठात होती. तिचा विषय हळदीची कंदकूज. जमिनीखाली हळदीचा गड्डा आतल्या आत सडत जातो आणि वरचं पान पिवळं पडेपर्यंत शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. मातीतलेच काही सूक्ष्म जीव ही सड रोखून धरतात का, हे ती शोधत होती. सड लागायचे दिवस हेच, म्हणून ती घरी येऊन राहिली होती. सकाळी टोपलीत छोट्या पिशव्या घेऊन शेतोशेत हिंडायची, चांगल्या झाडाखालची माती एका पिशवीत, रोगट झाडाखालची दुसऱ्या. पहिल्यांदा गावानं चेष्टा केली, मग सवय झाली.

त्या दिवशी जेवताना तिनं आईबापाला सगळं नीट सांगितलं. चर्चासत्राला देशभरातून शंभरेक जण बसतात. त्यातले आठ निवडून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीन महिने काम शिकवणार. राहायची सोय तिथेच. मातीत कोणते कोणते जीव आहेत ते ओळखणारं यंत्र तिथं आहे.

"ते जमलं न्हाई तर माझ्या ह्या साऱ्या पिशव्या वाया," ती म्हणाली. "माती शिळी झाली की काही कळत न्हाई. मंग पुढच्या सालच्या कंदकुजीची वाट बघायची. आन् पुढच्या साली तुमी मला थांबू देणार हाव का?"

पुढच्या वर्षी तिचं लग्न करायचं, असं पावसाळ्याआधीच ठरलं होतं, आणि ते ठरवताना तिला विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वैजनाथनं ताटातलं वरण बोटानं पुसून घेतलं. शालूबाई उठून मीठ आणायला गेली. मीठ ताटातच होतं.

तेव्हापासून दर शनिवारी शिवकन्या आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली की शालूबाई उंबऱ्यापाशी शेंगा फोडायला घेऊन बसायची. शेंगा कमी फुटायच्या. कान आत असायचा.

पहिल्या दोन शनिवारी तिच्या हाती फारसं काही लागलं नाही. सगळं इंग्रजी. मधूनच एक पोरगा मराठीत विचारायचा, "आवाज येतोय का सगळ्यांना?" त्याचं नाव अद्वैत. तो पुण्याहून हे सगळं चालवायचा, कोणी बोलायचं, कोणी थांबायचं ते सांगायचा. एकदा तो म्हणाला, "शिवकन्या, तुझा प्रश्न मस्त होता." शालूबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. तुझा! दोन शनिवारांत अहोजाहो संपलं?

पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्तानं ती आत गेली. पडद्यावर चौकटीच चौकटी. काही चौकटींत तोंडं, काहींत नुसता काळोख आणि नाव.

"हे तोंड लपवून बसलेले कोण?"

"कॅमेरा बंद केलाय त्यांनी," शिवकन्या हळूच म्हणाली. "आई, जा ना."

"कामून बंद केलाय? चोरी करून आलेत का?"

तेवढ्यात पाच-सहा चौकटींतली तोंडं हसली. शिवकन्यानं घाईघाईनं एक बटण दाबलं. आपला आवाज थेट पुण्याला गेला हे शालूबाईला मागाहून कळलं, आणि तिचा संशय आणखी वाढला. इतक्या दुरून ऐकणारी माणसं साधी नसणार.

तिसऱ्या शनिवारी मात्र सगळं मराठीत चाललं होतं. मराठी पोरापोरींचा वेगळा गट केला होता आणि अपर्णा नावाची एक बाई बोलत होती. आवाज समजूतदार. ती म्हणाली, "आज संशोधन बाजूला ठेवू या. आज तुमच्याबद्दल बोलू." आणि मग एकेकाला विचारत सुटली. पाच वर्षांनी तू कुठे असशील असं वाटतं? घरी कोण कोण असतं? घरचे काय म्हणतात? गाव सोडून लांब राहायला जमेल का? चार माणसांत खटका उडाला तर तू काय करतेस, बोलून टाकतेस की मनात ठेवतेस?

शालूबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. शेंगा ओसरीभर झाल्या.

हे प्रश्न तिला नवीन नव्हते. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्या माहेरच्या दारात एक अनोळखी माणूस आला होता. गोऱ्हा हरवलाय, इकडं आला का, म्हणत. तिच्या हातचं पाणी प्यायला, बाजेवर टेकला, आणि गोऱ्ह्याचं सोडून भलतंच विचारत बसला. घरी किती जण? पोरगी कितवी शिकली? आईच्या माघारी स्वयंपाक कोण करतं? गोऱ्हा कधी हरवलाच नव्हता. तो वैजनाथचा चुलता होता. पंधरा दिवसांत स्थळ आलं. या भागात अशीच रीत होती. पोरगी उघड बघायला जाण्याआधी कुणीतरी दुसरंच काम काढून दारात यायचं, सहज बोलावं तसं बोलायचं, आणि पोरगीचा, घराचा अंदाज घेऊन जायचं. पोरगीवाल्यांना कळायचं, पण कळलं असं दाखवायचं नाही. उत्तरं मात्र जपून द्यायची.

काळ बदलला, तर गोऱ्ह्याच्या जागी शास्त्र आलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शेतात सोयाबीनचे ढीग ताडपत्रीनं झाकताना तिनं नवऱ्याला गाठलं. "ऐकून राहिले का? शनिवारचं ते चर्चासत्र न्हाई. चौकशी हाय."

"कशाची?"

"पोरीची! अजून कशाची असती? घरी कोण हाय, स्वभाव कसा, दूर राहती का, सारं विचारलं. शास्त्रवाल्याला ह्याची काय गरज?"

वैजनाथनं ताडपत्रीचं टोक दगडाखाली सरकवलं आणि विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात शालूबाईचं मत पक्कं व्हायचं.

"मंग पोरगा कोण?" त्यानं शेवटी विचारलं.

"अद्वैत म्हणून हाय. तोच सारं चालवतो. ती अपर्णा बाई त्याची मावशी-आत्या कोणतरी आसंल."

"आपल्यातला हाय का?"

"आडनाव सांगून न्हाई राहिले ना."

"शंभर जण बसतात म्हणली होती ती. शंभर पोरी बघून राहिला का हा गडी?" वैजनाथ खुसखुसला. "मला तर तुमच्या घरी दुसऱ्यांदा चहाबी भेटला न्हवता."

"चेष्टा नका करू. आपण काही बोलायचं न्हाई. पोरीला तर बिलकुल न्हाई. ठरंल तवा कळंल तिला."

"आन् ते पुणं? तीन महिने?"

"ते निमित्त," शालूबाई म्हणाली. "तुमच्या चुलत्याचा गोऱ्हा."

वैजनाथला ते पटलं की नाही, कळलं नाही. त्यानं दुसरा दगड उचलला. "आन् खरंच पुणं असलं तर?"

"असलं तर असलं. आधी मला कळू द्या हे लोक कोण हायेत."

चार दिवसांनी शिवकन्या माती आणायला निघता निघता दारात थांबली. "आई, त्यांनी घरचा एक नंबर मागितला होता, तुझा दिलाय. अपर्णा मॅडमचा फोन यील. नीट बोल बरं. लई महत्त्वाचं हाय."

शालूबाईनं लेकीकडे निरखून बघितलं. म्हणजे हिला ठाऊक आहे? का नाही? पोरगी तर सरळ बघत होती, मान खाली नाही, लाजणं नाही. "बोलते की," शालूबाई म्हणाली. तिला वाटलं, आपण काही इतक्या अडाणी नाही. कसं बोलायचं ते आपल्याला बराबर कळतं.

फोन आला तो शिवकन्या शेतात असतानाच. शालूबाईनं हात पदराला पुसले, बाज ओढली आणि व्यवस्थित बसून फोन उचलला.

"नमस्कार, शिवकन्याच्या आई का? मी अपर्णा, पुण्याहून. शिवकन्याबद्दल थोडं बोलायचं होतं. वेळ आहे का तुम्हाला?"

"बोला की."

"खूप हुशार आहे हो तुमची मुलगी. आम्हा सगळ्यांचं तिच्याबद्दल चांगलं मत झालंय. पण म्हटलं, घरच्यांशी बोलल्याशिवाय पुढे जायला नको."

"बराबर हाय. घरच्यांला विचारायलाच पायजे."

"तिला पुढे काम करायचंय, संशोधन करायचंय, असं ती म्हणाली. तुम्हाला काय वाटतं?"

शालूबाई सावध झाली. पहिला सापळा. हिला सून नोकरी करणारी हवी का घरात बसणारी, याचा पत्ता लागू देत नाही. अशा वेळी नरम बोलावं. "ती म्हणती हो. पण शिकली म्हणून डोक्यावर बसणारी न्हाई आमची पोरगी. आमी सांगू तसं करती."

"तसं नाही, म्हणजे तिला स्वतःला काय हवंय..."

"तिला काय पायजे असणार बाई? आमी हावोत की."

मग अपर्णा म्हणाली, "बरं, आणखी एक विचारते. मोकळेपणानं सांगा. तीन महिने पुण्याला राहावं लागेल. एकटीला पाठवाल?"

हा दुसरा सापळा, आणि पहिल्याहून मोठा. हो म्हणावं, तर पोरगी मोकाट सोडलेली आहे असं होणार. शालूबाईला मनातल्या मनात हसू आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकींची लग्नं जमताना बघितली होती ती काय उगीच?

"न्हाई बाई. तशा आमच्या पोरी बाहेर राहत न्हाईत. नांदेडला हाय, पण तिथं तिचा मामा हाय, लक्ष असतं. पुण्या-बिण्याला एकटीला धाडायचा आमचा रिवाज न्हाई."

"म्हणजे... नक्की नाही?"

"नक्की. आन् आमाला कशाचीच घाई न्हाई, ध्यानात ठेवा." उतावीळ दिसू नये म्हणून तिनं हे शेवटचं मुद्दाम घातलं.

"ठीक आहे," अपर्णा म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "मोकळेपणानं सांगितलंत, बरं झालं."

शालूबाईनं फोन ठेवला आणि दुपारच्या चहात साखर जास्त घातली. वैजनाथ घोट घेऊन म्हणाला, "जमलं वाटतं." त्या रात्री तिनं लेकीला फक्त एवढंच सांगितलं, "फोन आला होता. बोलले मी." शिवकन्यानं तिच्या गळ्यात हात टाकले. इतका आनंद? शालूबाईला पुन्हा शंका आली, पण ती काही बोलली नाही.

शुक्रवारी दुपारी शिवकन्या अंगणात पिशव्यांना दोरे बांधत होती. फोन वाजला तसा तिनं उचलून वाचला. पुन्हा वाचला. मग हातातला दोरा तसाच धरून ती उभी राहिली.

"काय झालं?" शालूबाईनं विचारलं.

"माझी जागा गेली."

"कसली जागा?"

"पुण्याची, आई. कसली असती?" तिनं वाचून दाखवलं. ‘तुमची निवड झाली होती. परंतु कुटुंबाची संमती नसल्यामुळे ही जागा प्रतीक्षेतील पुढील विद्यार्थिनीला देत आहोत. शनिवारची चर्चासत्रे तुमच्यासाठी नेहमीच खुली राहतील.’ वाचताना तिचा आवाज हलला नाही.

"तू काय बोललीस त्यांना?"

शालूबाईनं सांगायला सुरुवात केली. डोक्यावर बसणारी नाही म्हणाले. एकटीला धाडत नाही म्हणाले. सांगता सांगता तिलाच ते शब्द वेगळे ऐकू यायला लागले. "मला वाटलं... ते स्थळ हाय."

"स्थळ?"

"त्या अद्वैतचं."

शिवकन्या तिच्याकडे बघत राहिली. "आई, अद्वैतला बायको हाय. तीबी चर्चासत्रात असती. शेजारच्याच चौकटीत." मग ती खाली बसली आणि पिशव्या गोळा करायला लागली, एकेक, पिशवीवरचे अंक न बघता, चांगल्या मातीची आणि रोगट मातीची एकत्र. रोज त्या वेगळ्या ठेवायला ती किती जपायची हे शालूबाईनं बघितलं होतं.

"नको मिसळू," शालूबाई म्हणाली.

"आता काय फरक पडतो?"

"पडतो. मला त्या बाईचा नंबर लावून दे."

"कशाला? तुला पुन्हा चौकशी करायची का?"

"व्हय," शालूबाई म्हणाली. "लाव."

पोरगीवाल्यांनी नकार दिल्यावर पुन्हा आपणहून फोन करायचा, हे शालूबाईच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. घंटी वाजत होती तोवर तिला दोनदा वाटलं, फोन कापून टाकावा.

"बाई, मी शिवकन्याची आई. माझं चुकलं. मला वाटलं तुमी लग्नासाठी पोरगी बघून राहिलाव."

मग अपर्णा सावकाश म्हणाली, "आणि आता काय वाटतं?"

"आता वाटतं, न्हाई बघून राहिलाव."

"ताई, राग मानू नका. पण गेल्या वर्षी असंच झालं होतं. एका मुलीच्या घरचे नाही म्हणाले, मग मुलीनं रडून हो म्हणायला लावलं. ती आली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तेव्हा दुसऱ्या मुलीला बोलवायची वेळ निघून गेली होती. तुम्ही आत्ता मनापासून बोलताय, की शिवकन्या शेजारी उभी आहे म्हणून?"

शालूबाई चमकली. आजवर लोकांवर संशय घ्यायचं काम तिचं होतं. तिच्या शब्दावर कुणी असा संशय घेतला नव्हता. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. ही बाई आपल्यासारखीच आहे, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

"आधी माझ्या एका गोष्टीचं उत्तर द्या, मंग मी तुमचं देते," ती म्हणाली. "तुमी हे फुकट काहून करता? खरं सांगा. समाजसेवा नका सांगू."

अपर्णा हसली. "नाही सांगत. माझा स्वार्थ आहे. प्रयोगशाळेत मन लावून काम करणारी पोरं मिळत नाहीत हो. शहरातली आपणहून येतात. खेड्यातली हुशार पोरं आम्हाला दिसतच नाहीत, कारण आम्ही आहोत हेच त्यांना ठाऊक नसतं. शनिवारी शंभर जण ऐकतात. कोण काय विचारतंय, कोण चिकाटीचं आहे, ते मी बघत बसते. त्यातली दोघं-तिघं पुढे माझ्याकडे टिकली, तर माझं काम पुढे जातं."

"म्हंजी तुमी बघायलाच बसता की!"

"हो. ते तुम्ही बरोबर ओळखलं होतं."

शालूबाई ओसरीच्या कडेला टेकली. "मंग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना बाई. नुसतं फुकट फुकट म्हणल्यावर माणसाला भेव वाटतं."

"आता माझ्या प्रश्नाचं?"

"माझं मनापासून हाय. पण तुमाला खरं वाटणार न्हाई, मला ठाऊक हाय. मलाबी वाटलं नसतं."

"मग असं करा. फोन शिवकन्याला द्या आणि तुम्ही लांब जा. तिच्याशी मला एकटीशी बोलू द्या."

शालूबाईनं फोन लेकीच्या हातात दिला. अंगण ओलांडलं, गोठ्याच्या पलीकडे गेली. तिथूनही कान टवकारले तर दोन-चार शब्द आले असते, म्हणून ती कडब्याच्या गंजीमागे जाऊन उभी राहिली. तिथं वैजनाथ बसला होता.

"काय झालं?"

"पोरगी बोलून राहिली."

"काय बोलून राहिली?"

"ऐकू येऊ ने म्हणून तर इथं आले ना!" ती त्याच्यावर खेकसली.

वैजनाथनं गंजीमागून डोकावून बघितलं. शिवकन्या अंगणात येरझारा घालत होती, मोकळा हात हवेत हलवत, जोरजोरात काही सांगत. "ही कधी इतकं बोलत असती का घरात?" तो म्हणाला.

शालूबाईनंही बघितलं. आपली पोरगी इतका वेळ, न थांबता, काय सांगत असेल? महिनाभर तिनं शेंगांच्या आडून कान लावला होता. अद्वैतनं तुझा म्हटलेलं तिला पाठ होतं. लेकीनं काय प्रश्न विचारला होता, ते आठवत नव्हतं.

शेवटी शिवकन्या पळतच गंजीकडे आली. डोळे लाल, पण तोंडावर वेगळंच तेज. "आई, तुला बोलवून राहिल्यात."

"ताई," अपर्णा म्हणाली, "दुसऱ्या मुलीला अजून पत्र गेलेलं नाही. उद्या दुपारी जायचं आहे. शिवकन्याला काय हवंय ते मला कळलं. फक्त एक सांगा. ती इथे असताना चांगलं स्थळ आलं, तर?"

वैजनाथ कान देऊन उभा होता. शालूबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"थांबवू," ती म्हणाली. "थांबलं तर चांगलं. न्हाई थांबलं, तर स्थळ कसलं हाय ते आमालाबी कळंल."

वैजनाथनं हळूच मान हलवली. शिवकन्या खाली बघायला लागली.

"मग जागा तिचीच," अपर्णा म्हणाली.

"थांबा, बाई. तुमची चौकशी झाली. आमची कुठं झाली अजून? तुमचं गाव कोणतं?"

"आई!" शिवकन्या कुजबुजली.

"विचारू दे गं त्यांना," अपर्णा पलीकडून म्हणाली. "माझं माहेर गोरेगाव. सेनगावजवळचं."

"कुणाच्या तुमी?"

"पोस्टात होते ते सूर्यकांतराव, त्यांची मुलगी."

"उद्या दुपारच्या आत सांगते," म्हणून शालूबाईनं फोन ठेवला.

गोरेगावात तिची मावसबहीण दिली होती, पंचफुला. सकाळी म्हशीचं दूध काढून झाल्याबरोबर शालूबाईनं तिला फोन लावला.

"पोस्टातल्या सूर्यकांतरावाची अपर्णा? लई चांगली ओळखती मी तिला. आमच्या आळीतलीच."

"स्वभाव कसा हाय?"

"फटकळ. तोंडावर बोलती. पण लबाडी न्हाई."

"घरचे कसे?"

"बाप भला माणूस. माय अजून गावातच असती."

"दारू-बिरू?"

"अगं, शास्त्रज्ञ बाईची चौकशी करून राहिली का जावयाची?" पंचफुलाला हसू आवरेना. "दर उन्हाळ्यात येती, शाळेतल्या लेकरांना घेऊन ओढ्यावर जाती अन् बेडकं दाखवती. आमच्या नातवाचा दात त्यातच पडला."

"कसा काय?"

"पळताना. बेडूक हातात होता, सोडायला तयार न्हवता."

शालूबाईनं ते ऐकून घेतलं, दाताचंसुद्धा, आणि थोडा वेळ फोन हातात धरून बसली. आत शिवकन्या पिशव्या पुन्हा वेगळ्या करत होती. नाकाजवळ नेऊन वास घेत होती, आकडे ताडून बघत होती. शालूबाई उंबरा ओलांडून तिच्यापाशी जाऊन बसली.

"ही कोणती?"

"रोगट. ही चांगली. दोन्ही एकाच वावरातल्या, शेजारच्याच वाफ्यातल्या."

"मंग एक सडली अन् एक न्हाई, काहून?"

"तेच तर शोधायचंय," शिवकन्या म्हणाली.

शालूबाईनं दोन्ही पिशव्या हातात घेऊन बघितल्या. तिला काही फरक कळला नाही. मग तिनं पुण्याला फोन लावला.

"बाई, चौकशी झाली. पाठवतो पोरीला."

"म्हणजे मी पास?" अपर्णानं विचारलं.

"सध्या तरी," शालूबाई म्हणाली. "पण पोचवायला मी येणार हाय. होस्टेल, खानावळ, ते यंत्र, सारं डोळ्यांनी बघितल्याबिगर मी माघारी फिरणार न्हाई. आन् बाई, एक सांगून ठेवते, माझा फोटो कुणी काढायचा न्हाई."